किती माणसं बसतात?

धक्क्यावर आलेला माणूस होडीबद्दल पहिला प्रश्न कोणता विचारणार, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. होडी कधी बांधली, कशाची बांधली, उलटली तर तरंगते का, यात कुणालाच रस नसतो. ‘किती माणसं बसतात?’ एवढंच. आणि उत्तर एका आकड्यात हवं असतं. गेटवेच्या लाँचवाल्यांचं बरं असतं. परवान्यावर आकडा असतो, तोच लाँचच्या अंगावर रंगवलेला असतो, त्याकडे हात केला की संपलं. माझ्या वाट्याला आल्या शिडाच्या होड्या. बारा ते सोळा फुटांच्या, इंजिन नसलेल्या, तळातून खालीवर होणाऱ्या फळीच्या. त्यांच्या शिडावर नंबर असतो, बनवणाऱ्याचा शिक्का असतो, शर्यतीसाठी मोजमाप झाल्याची एक बारीक पट्टी असते. माणसांचा आकडा मात्र बहुतेकींवर नसतो. तो का नसतो आणि लिहायचाच झाला तर काय लिहायचं, या भानगडीत माझी निम्मी नोकरी गेली.

मी लालबागचा. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि चाळीत पगाराचा दिवस असा उरलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड भरलं. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या शर्यती मुंबईच्या हार्बरमध्ये ठेवल्या होत्या. होड्या उचलायला, धुवायला, ट्रॉलीवरून पाण्यात ढकलायला हात हवे होते. चाळीतल्या एका काकांची हार्बरच्या बाजूच्या क्लबात ओळख होती. ‘पोहता येतं का?’ एवढंच तिथं विचारलं आणि मी कामाला लागलो. त्या शर्यतींत फायरबॉल वर्गाचं सुवर्णपदक फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला मिळवून दिलं. एंटरप्राइज वर्गाचं सुवर्ण कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या नवराबायकोनं नेलं. म्हणजे सरहद्दीच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही सोनं पारशांच्याच घरी! धक्क्यावरचे बावाजी दोन्ही दिवस सारखेच खूश होते. मी मात्र फायरबॉलकडे बघत बसलो होतो. डोलकाठीवरून खाली आलेल्या तारेला एक माणूस लटकलेला, पाय होडीच्या काठावर, बाकी सगळं अंग पाण्यावर आडवं. माणूस होडीत बसतो अशी माझी तोवरची समजूत होती.

लाँचमध्ये माणूस म्हणजे ओझं. माणसं वाढली की लाँच खाली बसते, हिशेब सरळ. शिडाच्या छोट्या होडीत माणूस ओझंही असतो आणि तोल सावरणारं वजनही असतो. वारा शिडाला दाबतो, होडी कलते आणि तिला सरळ ठेवायला तळाशी शिसं नसतं. वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसून, पट्ट्यांत पाय अडकवून पाठ पाण्यावर टाकलेली दोन माणसं हेच तिचं शिसं. त्यामुळे इथं जास्त माणसांचा जेवढा धोका, तेवढाच कमी माणसांचाही. मार्च महिन्यात दुपारी खारं वारं चढलं की एंटरप्राइजला दोन धडधाकट माणसं लागतात. एकटं हलकं पोरगं सोडलंत तर पहिल्याच झोतात होडी आडवी. उलट मंद वाऱ्यात चौघं कोंबली तर बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, फिरताना डोकं चुकवायला जागा नाही, काठावर सरकायला जागा नाही, चौघांचं वजन मध्येच साचून राहतं. नुसतं बसून राहिलेलं वजन होडीला सावरत नाही, ती फक्त खाली दाबतं. तेव्हा या होडीवर पाटी लावायची तर ‘कमाल’च्या आधी ‘किमान’ लिहावं लागेल, असं मी पुढं अनेकांना सांगून पाहिलं. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा थट्टा करतोय.

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या तशी आमच्याकडे शनिवार-रविवारची गर्दी वाढली. कंपन्यांचे गट यायचे. त्यांच्यातला आयोजक आधी होडीची लांबी डोळ्यांनी मोजायचा.

‘काका, दोनच? अहो, एवढी मोठी आहे. सहा जण आरामात मावतील.’

‘मावतील ना. बांधून ठेवली तर आठ मावतील. चालवायची आहे का?’

यावर तो हसायचा आणि मग हळूच, ‘लाइफ जॅकेट घालतो ना आम्ही,’ म्हणून घासाघीस सुरू करायचा. यात त्याला दोष कसा द्यायचा? अंगावर आकडा नसलेली वस्तू म्हणजे ज्याची त्याची नजर हाच नियम. रिक्षात तीन आणि लिफ्टमध्ये आठ, हे पाटीवर वाचून वाढलेली माणसं आपण.

अशी पाटी मी पहिल्यांदा पाहिली ती एका युरोपी बनावटीच्या होडीवर. तळहाताएवढी, मागच्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. एका माणसाचं चित्र आणि पुढं आकडा. माणूस अधिक सुटकेस असं चित्र आणि पुढं किलो. या दोन्हींच्या वर एक अक्षर, ‘सी’. माणूस आणि सुटकेस कळायला शिक्षण लागत नाही, त्या अक्षरानं मात्र मला घोळात घातलं. क्लबातल्या एका नौदलातून निवृत्त साहेबांनी समजावून दिलं. १९९४ च्या युरोपी नियमानं हौशी बोटींचे चार वर्ग पाडले. ‘ए’ म्हणजे खुला महासागर. ‘बी’ म्हणजे बोफर्टच्या तक्त्यातल्या आठ बळाचा वारा आणि चार मीटरच्या लाटांपर्यंत. ‘सी’ म्हणजे सहा बळ, दोन मीटर. ‘डी’ म्हणजे चार बळ आणि वीतभर, फार तर अधूनमधून अर्ध्या मीटरची लाट. एकाच बोटीला दोन अक्षरं आणि दोन आकडे असू शकतात. शांत पाण्यात सहा, उघड्या पाण्यात चार. माणसं तीच, होडी तीच, पाणी बदललं की आकडा बदलला.

साहेबांनी ते सांगितलं आणि मला आमचं हार्बर वेगळंच दिसायला लागलं. डिसेंबरात सकाळी मतलई वारा संपत असताना इथं पाणी पवईच्या तलावाइतकं शांत असतं, म्हणजे खुशाल ‘डी’. तीच जागा, तोच दिवस, दुपारचे तीन. वायव्येचा वारा आला, त्यात उधाणाची ओहोटी लागलेली. ओहोटीची ओढ आणि वारा समोरासमोर भिडले की लाट आखूड आणि उभी होते. पाटीवरचं ‘डी’ जेवणाच्या सुट्टीतच संपलेलं असतं. सकाळी बरोबर असलेला आकडा दुपारी खोटा ठरतो आणि होडीत बसलेल्यांना ते कळत नाही, कारण आकडा तर तोच आहे.

मोठ्या जहाजांनी हे कधीच मान्य केलंय, याचं मला फार नवल वाटतं. इंदिरा डॉकमधून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही मालवाहू जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ आणि शेजारी शिडीसारख्या रेघा दिसतात. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदारानं ब्रिटनच्या पार्लमेंटात भांडभांडून १८७६ साली भाररेषा सक्तीची करून घेतली, त्याचंच हे पुढचं रूप. उन्हाळ्याची रेघ वेगळी, हिवाळ्याची वेगळी, उष्ण कटिबंधाची वेगळी, गोड्या पाण्याची वेगळी. जहाज कुठल्या पाण्यात आणि कुठल्या मोसमात आहे त्यावर किती भरायचं ते ठरतं. पण १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार २४ मीटरपेक्षा लहान जहाजांना लागूच नाही. ज्यांना लाट आधी लागते, त्यांच्यावर रेघ नाही.

ससून डॉकच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्याला जहाजांच्या रेघांचं काही विशेष वाटलं नाही. ‘आमी मानसं कवा मोजलीच न्हाय,’ तो म्हणाला. ‘काठ किती उरला त्यो बघायचा. पावसाच्या तोंडाला दोन वीत, एरवी एक.’ कोळ्यांकडे ही रेघ वितीवर आहे, अंगावर रंगवलेली नाही, एवढाच फरक. अर्थात वीत तांडेलाची हवी. नवशिक्याला ती होडीभर माणसं चढेपर्यंत मोजायची आठवण राहत नाही.

अमेरिकेची गोष्ट याहून गमतीची. तिथं १९७१ च्या कायद्यानं २० फुटांहून लहान मोटारबोटींवर पाटी सक्तीची झाली. किती माणसं, किती वजन, किती अश्वशक्तीचं इंजिन, सगळं त्यावर. आणि त्या नियमातून वगळल्या कोणत्या? शिडाच्या होड्या, कनू, कयाक आणि हवा भरायच्या बोटी. युरोपातही निव्वळ शर्यतीसाठीच्या बोटी पाटीतून सुटतात. पूर्वी मला हा ढिलेपणा वाटायचा. आता वाटतं, नियम लिहिणाऱ्यांनी बहुधा मुकाट्यानं कबुली दिली असावी की या होडीत माणूस यंत्राचा भाग आहे आणि यंत्राचा भाग कुठं बसलाय ते कळल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. तरीही वगळणं मला पटत नाही. शर्यतीत उतरणाऱ्याला पाटीची गरज नाही हे खरं. पण शर्यतीची होडी दहा वर्षांनी जुनी होते, विकली जाते, सहलीला लागते. तेव्हा ती चालवणाऱ्याला ती शर्यतीची होती याच्याशी काही देणंघेणं नसतं.

पाटी असली म्हणजे झालं असंही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर २ ऑक्टोबर २००५ ला ‘इथन ॲलन’ नावाची ४० फुटी सहलबोट उलटली. प्रवासी ४७, बहुतेक वयस्कर. परवाना होता ४८ जणांचा. म्हणजे आकड्याच्या आत. तरी २० माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं. आकडा ठरवताना माणशी १४० पौंड धरले होते, म्हणजे जेमतेम ६४ किलो. चढलेली माणसं त्याहून कितीतरी भारी होती. वर मधल्या काळात बोटीवर लाकडी छत चढवलं, त्यानं वजन वर गेलं आणि आकडा मात्र जुनाच राहिला. खरा हिशेब केला तर त्या बोटीत १४ च माणसं बसायला हवी होती. ४८ आणि १४! पुढं अमेरिकेच्या तटरक्षक दलानं प्रवासी बोटींसाठी सरासरी माणूस १८५ पौंडांचा धरला. युरोपी पाट्यांमागे ७५ किलोचा माणूस उभा आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर आलेला गट बघितला की मी मनातल्या मनात ८५ धरतो.

हे वाचल्यापासून मी आमच्या होड्यांचा आकडा स्वतः तपासायचं ठरवलं. त्याची पद्धत जुनीच आहे, फक्त कुणी वापरत नाही. होडी मुद्दाम बुडवायची. ओहोटीला उताराजवळ कमरेएवढ्या पाण्यात न्यायची, शिडं उतरवायची, एक काठ दाबून पाणी आत घ्यायचं आणि काठोकाठ भरू द्यायची. मग दोघांनी आत बसायचं आणि घड्याळ लावायचं. जुनी प्लायवूडची होडी लाकडाच्याच जोरावर थोडी तरंगते. फायबरची होडी दगड आहे, तिला वर धरते ती बंद टाक्यांतली हवा. त्या हवेनं दोघांना पेललं पाहिजे, तेही सरळ. एक कोपरा बुडाला तर त्या बाजूची टाकी गळतेय. टाकीला तपासणीसाठी एक गोल झाकण असतं आणि त्याच्या आत रबराची कडी. मुंबईच्या उन्हात ती कडी दोन मोसमांत कडक होते, चिरा पडतात. झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं, पाणी मात्र आत जातंच. एका होडीत दोघं बसल्यावर चार मिनिटांत मागचा डावा कोपरा खाली गेला आणि झाकण उघडलं तर आत बादलीभर चिखलपाणी. ती होडी तोवर शाळकरी मुलांना देत होते. बाहेरून रंग चकचकीत, शिडं नवी.

हे सगळं बघून क्लबाच्या कमिटीनं एकदा मनावर घेतलं आणि प्रत्येक होडीवर ॲल्युमिनियमची पाटी बसवायचं काम एका ठेकेदाराला दिलं. पाट्या सुंदर आल्या, कोरलेली अक्षरं, काळा रंग भरलेला. त्यानं त्या कुठं बसवल्या? जिथं सपाट जागा दिसली तिथं, म्हणजे टाकीच्या भिंतीवर. चार कोपऱ्यांना चार रिव्हेट. ‘सुरक्षा’ या मथळ्याखाली त्यानं प्रत्येक होडीच्या हवेच्या टाकीला चार भोकं पाडली होती. त्याला बोलावून दाखवलं तर म्हणाला, ‘साहेब, पाटी हलणार नाही बघा, गॅरंटी.’ हललीच नाही. रिव्हेट काढून, भोकं राळेनं बुजवून आम्ही तो मोसम घालवला.

मग मी माझी पद्धत काढली. परळच्या हॉस्पिटलांच्या आसपास जुन्या एक्स-रे फिल्म मिळायच्या. गरम पाण्यात सोडा घालून घासल्या की काळा थर निघतो आणि खाली राहते ती स्टेन्सिलला एक नंबर फिल्म. ना चुरगळते, ना रंगानं फुगते. ब्लेडनं अक्षरं कापायची, होडीवर धरून स्पंजनं रंग टेकवायचा. ब्रश वापरला की कडेनं रंग आत पळतो. रंग दोन मोसम टिकतो, मग पुन्हा मारायचा, त्यानिमित्तानं होडीची तपासणीही होते. खरा प्रश्न होता लिहायचं काय. जागा एका हाताची. बरीच खाडाखोड होऊन एंटरप्राइजवर शेवटी चार ओळी आल्या. पहिली: ‘चालवणारे २, शिकाऊ असल्यास ३’. दुसरी: ‘एकूण २२५ किलो’. तिसरी: ‘पाण्यावर पांढरे फेस दिसल्यास २ च, मोठी माणसं’. चौथी: ‘उलटल्यास होडी सोडू नका’. तिसऱ्या ओळीवरून वाद झाला. कमिटीतल्या एकाला तिथं नॉट हवे होते. मी म्हटलं, साहेब, वारा मोजायचं यंत्र धक्क्यावर आहे, होडीत नाही. फेस मात्र सगळ्यांना दिसतो. लाटांची डोकी जागोजागी पांढरी व्हायला लागली की चार बळ झालंच, हे बोफर्टच्या तक्त्यातही आहे. चौथी ओळ कुणी वाचत नाही, पण उलटल्यावर तीच डोळ्यांसमोर येईल अशा जागी, काठाच्या बाहेरच्या अंगाला, मी ती मारतो. उलट्या होडीवर ती सुलटी वाचता येते. हा माझा शोध आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

लहान मुलांच्या ऑप्टिमिस्टवर मी काहीच लिहिलं नाही. पावणेआठ फुटांची ती पेटी, एका मुलासाठीच बनवलेली. तिच्यात हवेच्या तीन पिशव्या आणि पाणी उपसायचं भांडं दोरीनं बांधलेलं असलं की झालं. वडील लोक मात्र ‘मी पण बसतो त्याच्याबरोबर, घाबरतोय तो,’ म्हणून हट्ट धरतात. गिरगावातले एक गृहस्थ तर बसलेच. होडी त्यांच्या वजनानं मागे दबली, नाक वर. पोरगा पुढून शांतपणे म्हणाला, ‘बाबा, तुम्ही उतरा, मग मी घाबरणार नाही.’

लाइफ जॅकेटवरही लेबल असतं आणि ते वाचणारा माणूस होडीची पाटी वाचणाऱ्याहूनही दुर्मीळ. त्यावर न्यूटनचा आकडा असतो: ५०, १००, १५०. पन्नासचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना. दीडशेचं बेशुद्ध माणसालाही तोंड वर करून ठेवायला. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘मी नव्वद किलोचा, पाच किलोनं माझं काय होणार?’ पाण्यात नव्वद किलो राहतच नाहीत. शरीराला पाणीच उचलून धरतं, जॅकेटला फक्त डोकं वर ठेवायचं असतं. पण ते पाच किलो तरी जॅकेटात शिल्लक हवेत. दारूखान्यात, रे रोडच्या बाजूला, भंगारात निघालेल्या जहाजांचं सामान मिळतं. तिथली जॅकेटं स्वस्त. नारिंगी रंग विटलेला, पाठीवर जहाजाचं नाव आणि खाली पनामा नाहीतर मोनरोव्हिया. दिसायला भक्कम. आतला फोम मात्र वर्षानुवर्षं दाबून, तापून चपटलेला असतो.

अशी काही जॅकेटं एकदा कुणीतरी क्लबाला ‘भेट’ दिली. मी लालबागच्या मिरची गल्लीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून पाच किलोची लोखंडी मापं मागून आणली. ‘मसाला दळायला घेतोस की समुद्र मोजायला?’ म्हणून त्यानं टोमणा मारला. जॅकेटांना मापं बांधून रात्रभर पाण्याच्या टाकीत सोडली. लोखंडाचंही पाण्यात आठवा हिस्सा वजन कमी होतं, म्हणजे परीक्षा तशी सोपीच होती. सकाळी निम्मी तळाला. ती मी कापून टाकली. नुसती बाजूला ठेवली असती तर पुढच्या गर्दीच्या रविवारी कुणीतरी पुन्हा काढली असती.

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ माणसं गेली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सगळीकडे आकड्याची चर्चा होती. परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशांचा, बोटीवर शंभरावर माणसं. टक्कर काही जास्त माणसांमुळे झाली नाही. पण बोट बुडायला लागल्यावर प्रत्येक जादा माणूस म्हणजे एक कमी जॅकेट. त्यानंतर प्रवासात लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं झालं. त्या आधी ती बाकांखाली नाहीतर छताला बांधलेली असायची, गाठी अशा की सोडवायला तांडेलच हवा. त्याच वर्षी जानेवारीत वडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं चढवली होती. डहाणूला जानेवारी २०१८ मध्ये कॉलेजच्या मुलामुलींची बोट किनाऱ्यापासून फार लांब नसताना उलटली, सेल्फीसाठी सगळी एका बाजूला धावली म्हणून. तिथं माणसं किती होती यापेक्षा ती कुठं होती, याला जास्त महत्त्व. त्याला पाटीवर कसला आकडा लिहिणार?

लालबागमध्ये कोकणातली, रेवस-अलिबागकडची घरं पुष्कळ. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या लहानपणी चाळीतल्या काही म्हाताऱ्या बायका पावसात लाँचनं गावी जायचं नावच काढायच्या नाहीत. त्यांना न्यूटन माहीत नव्हते, मोसम माहीत होता. आणि नव्या लालबागकराला पाण्याचं गणित समजावायला मी २०२५ चं विसर्जन सांगतो. लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीला पोचला, नवा मोटारतराफा तयार, पण भरतीनं मूर्ती त्यावर चढेना. ओहोटीची वाट बघत सगळे तासन्‌तास थांबले, विसर्जन व्हायला रात्र झाली. तराफा किती पेलतो हे कागदावर असेल. कुठल्या पाण्याला पेलतो, ते समुद्र ठरवतो.

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला, त्यात यंत्राविना चालणाऱ्या होड्यांसाठीही वेगळं प्रकरण आहे. चांगली गोष्ट आहे. अंमलबजावणी करणाऱ्यांना माझं एवढंच मागणं राहील की आकड्याच्या शेजारी पाणी लिहा. सकाळचं, दुपारचं, पावसाच्या तोंडचं.

सध्या माझं भांडण चालू आहे ते मदतीच्या रबरी बोटीवरून. शिडाच्या होड्या बाहेर असताना ही बोट त्यांच्याभोवती फिरत असते. तिच्या पाटीवर सहा माणसं लिहिलीत. पाहुणे येतात, फोटो काढायला चार जण तिच्यात चढतात, चालवणारा आणि हाताखालचा धरून सहा होतात. पाटीप्रमाणे सगळं बरोबर. मग एखादी एंटरप्राइज उलटते आणि दोघांना उचलायचं असतं. कुठं बसवू? मी तिच्यावर माझ्या एक्स-रे फिल्मनं दुसरा आकडा मारलाय: ‘जाताना २’. पाहुण्यांना तो अपमान वाटतो आणि कमिटीकडे तक्रारी जातात. गेल्या बैठकीत ठरलं की ‘जाताना ३’ करावं. मी स्टेन्सिल अजून कापलेली नाही.